नक्कल करणार, रुजवात घेणार

शरयू गेली त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी रत्नागिरीतल्या एका कार्यालयाच्या आवक खिडकीपुढे उभा होतो आणि माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मिळावी, ती तारखेसह आणि शिक्क्यासह मिळावी, एवढ्यासाठी पलीकडच्या गृहस्थांशी वाद घालत होतो. खिशातला फोन वाजला, मी बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पोच हातात पडली होती. शिक्का पुसट उठला होता म्हणून तो परत मारून घ्यावा की काय, या विचारात मी होतो... फोनवर कुंदाताई होत्या, आमच्या वाडीतल्या शेजारीण. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊनू, ताई गेली. खुर्चीतच." मी विचारले, केव्हा? त्या म्हणाल्या, पहिला फोन लावला त्याच्या आधी. म्हणजे मी फोन उचलला असता तरी काही बदलले नसते, हे मला कळते. तरीही ती पोच मी फाडून टाकली. आयुष्यात फाडलेला तो पहिला सरकारी कागद.

शरयू माझी धाकटी बहीण. तिच्या निधनाची बातमी स्थानिक दैनिकात चार ओळींत आली. तीत तिचे वर्णन 'प्रेमळ, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल' असे होते. या तीनही विशेषणांना माझी हरकत आहे. ती प्रेमळ असेल, पण त्याचा तिने कधी पुरावा मागे ठेवला नाही. मनमिळाऊ ती मुळीच नव्हती, वाडीतली निम्मी माणसे तिच्यासमोर तोंड उघडण्यापूर्वी वाक्य मनात एकदा जुळवून पाहत. आणि तिने लग्न केले नसल्याने 'कुटुंबवत्सल' हा शब्द कोणत्या आधारावर छापला गेला, हे संबंधितांनाच ठाऊक. जे छापायला हवे होते ते मात्र राहिले. तिने न्यायालयाच्या नक्कल विभागात बत्तीस वर्षे काम केले, आणि निवृत्तीनंतर आमच्या वाडीतल्या एकाही माणसाच्या फोनमधला एकही कागद, एकही चेहरा, एकही नंबर हरवू दिला नाही. मी संपादकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले. पुरवणी पाहणाऱ्या बाईंनी उलट कळवले की दुरुस्ती चार ओळींत मावणार नाही, तुम्ही लेखच द्या. तेव्हा हा मजकूर मी लेख म्हणून नव्हे, त्या चार ओळींवरची हरकत म्हणून देत आहे.

नक्कल विभाग म्हणजे काय हे आज पुष्कळांना सांगावे लागते. निकालाची, खरेदीखताची, नकाशाची खरी प्रत पक्षकाराला मिळते, तिच्या तळाशी दोन सह्या असतात. एक 'नक्कल करणार' याची, दुसरी 'रुजवात घेणार' याची. पहिला मूळ कागद पाहून प्रत तयार करतो. मग दोघे समोरासमोर बसतात. एकजण मूळ मोठ्याने वाचतो, दुसरा प्रतीवर बोट ठेवून शब्दाला शब्द मिळवत जातो. ही रुजवात. ती होईपर्यंत तो कागद म्हणजे नुसता कागद. शरयूने या दोन्ही खुर्च्यांवर काम केले, पण तिचा जीव दुसऱ्या खुर्चीत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका जुन्या खताची नक्कल करताना मूळ खतातच चतुःसीमा लिहिताना पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झालेली तिच्या लक्षात आली. समुद्र पूर्वेला दाखवला होता. मी तेव्हा महाविद्यालयात नुकताच व्यापारी कायदा शिकवू लागलो होतो आणि मला सगळे कळते अशी माझी समजूत होती. मी तिला म्हटले, उघड चूक आहे, नकलेत दुरुस्त करून टाक. ती म्हणाली, "माझं काम बरोबर करण्याचं नाही, दादा. तसंच करण्याचं आहे. मुळात आहे ते नकलेत आलं पाहिजे." समुद्र त्या नकलेत पूर्वेलाच राहिला. मी मात्र पुढे तीसेक वर्षे विद्यार्थ्यांना खरी प्रत म्हणजे काय हे सांगताना ते वाक्य माझेच असल्यासारखे वापरले. त्याची कबुली येथे देतो.

निवृत्तीनंतर ती वाडीतल्या आमच्या घरी कायमची राहायला गेली, मी शहरात राहिलो. घराच्या पडवीत तिने एक संगणक, एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. सुरुवातीला त्या कशासाठी होत्या, ते तिलाही सांगता आले नसते. मग कुंदाताईंच्या मुलाने मुंबईहून आईला नवा फोन पाठवला. वर्षभराने त्या फोनने नवी प्रणाली मागितली, कुंदाताईंनी बसल्या जागी बोट टेकवले, आणि नातवाच्या बारशापासूनची सगळी छायाचित्रे गेली. कशी गेली हे कोणालाच सांगता आले नाही. कुंदाताई रडल्या नाहीत, पण चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी शरयूने कोऱ्या वहीवर पट्टीने रकाने आखले. फोन कोणाचा, काय काय आहे, प्रत कुठे ठेवली, आणि शेवटी तेच दोन रकाने: नक्कल करणार, रुजवात घेणार. त्या दोन ठिकाणी एकाच माणसाची सही चालणार नाही, हा नियम तिने पहिल्या पानावर लाल पेन्सिलीने लिहिला. तेव्हापासून फोनला मोठे अपडेट आले की वाडीतली माणसे परस्पर काही दाबत नसत. फोन घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढून तिच्या पडवीत येत.

तिची पद्धत बाहेरच्या माणसाला चेष्टेचा विषय वाटे, आणि मीही तशी चेष्टा केली आहे. अपडेट आल्याबरोबर घ्यायचे नाही. दोन आठवडे थांबायचे आणि त्याच बनावटीचा फोन असलेल्या दुसऱ्या कोणाला काय अनुभव आला ते विचारायचे. ते घ्यायचे तर फोनच्याच सेटिंगमधून. निरोपातून आलेल्या दुव्यावरून कधीही नाही, मग तो दुवा तुमचा फोन आज बंद पडेल अशी धमकी का देईना. "समन्स बजावायला माणूस येतो, चिठ्ठी फेकून पळत नाही," असे ती म्हणे. जागा अपुरी असेल तर आधी प्रत घ्यायची आणि मगच नको ते पुसायचे. उलटा क्रम करणाऱ्याला ती खुर्चीवरून उठवत असे. बँकेचे आणि इतर पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, पाकीट ज्याचे त्याच्या घरी. चार्जिंग पूर्ण, वर वायर लावलेली, आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने इन्व्हर्टर चालतो की नाही तेही आधी पाहून ठेवलेले. पण हे सगळे कोणीही सांगेल. ती वेगळी होती ती प्रतीच्या बाबतीत. प्रत संगणकावर उतरली की तिच्या लेखी काम अर्धेच झालेले असे. मग फोनवाला फोन हातात घेऊन मोठ्याने वाचायचा, नंबर वाचायचे, छायाचित्रांचे क्रमांक आणि त्यांत काय आहे ते वाचायचे, आणि ती संगणकावरची प्रत पाहत वहीत लाल-निळ्या पेन्सिलीने खूण करायची. मिळाले तर निळी, न मिळाले तर लाल. मग आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवली जायची. एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे तिने माझ्यासमोर एका बँक अधिकाऱ्याला ऐकवले होते.

माझ्या स्वतःच्या फोनची कथा निराळी होती. मी तीन वर्षे एकही मोठे अपडेट घेतले नव्हते, आणि त्याला कारण होते. अपडेटपूर्वी अटी व शर्तींचे एक पान येते, खाली 'सहमत' असे बटण असते. त्या अटी मी वाचल्या. इंग्रजीतल्या त्या मजकुराची छापली तर पन्नासावर पाने झाली असती. दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. ज्याला एकही कलम समजले नाही त्या माणसाकडून बोटाच्या टोकाने होकार उकळायचा, याला माझ्या विषयात दुसरे नाव आहे. मी फोन बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले की अटी मराठीत द्या, मी वाचेन, पटल्या तर सहमत होईन. उत्तर आले नाही. स्मरणपत्र लिहिले. दुसरे स्मरणपत्र लिहिले. शरयू म्हणायची, दादा, तुझ्या सहमतीवाचून त्यांचं काही अडलेलं नाही, तुझंच अडेल. ते अडलेच, बँकेचे ॲप उघडेना, हयातीचा दाखला देण्याचे ॲप 'प्रणाली जुनी आहे' म्हणून दार लावू लागले. जिवंत माणसाला जिवंत असल्याचे सांगता येऊ नये, यावरही मी एक पत्र लिहिले. आणि मग एके दिवशी कंपनीकडून मराठी अटींची प्रत आली. भाषांतर भिकार होते, पण ते होते. मी सगळे वाचले, समासात चौदा आक्षेप नोंदवले, ते कळवले आणि ठरवले की आता आजच बटण दाबायचे. मी जिंकलो होतो. शरयूला फोन केला तर ती म्हणाली, "तुझा विजय आठवडाभर शिळा होणार नाही. फोन घेऊन इकडे ये. त्यात पाखाडी आहे."

पाखाडीविषयी सांगायला हवे. आमच्या वाडीतून खाली रस्त्यापर्यंत उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, ती आमची पाखाडी. शाळा, एसटी, दवाखाना, सगळे तिच्या खालच्या टोकाला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी तिच्यावरूनच वर येते. तिचे चिरे निखळू लागले तेव्हापासून दुरुस्तीसाठी मी पत्रे लिहीत होतो आणि प्रत्येक पत्रासोबत छायाचित्र जोडत होतो, त्यामुळे तिची चार वर्षांची छायाचित्रे माझ्या फोनमध्ये जमली होती. मग वरच्या अंगाला कोणी सुट्टीची घरे बांधायला घेतली. त्यांच्या ठेकेदाराने एका सकाळी खोदयंत्र लावून पाखाडीचे मधले तीन टप्पे सपाट केले, वर पत्र्याचे कुंपण ठोकले, आणि चौकशीत लेखी दिले की येथे वाट नव्हती, पायऱ्या तर नव्हत्याच. पन्नास घरांची माणसे दोन किलोमीटरचा वळसा घालू लागली. कुंदाताईंचे गुडघे त्या वळशाला तयार नव्हते. त्या घरातच राहू लागल्या. मी तहसीलदारांकडे दावा दाखल केला. पायऱ्या होत्या याचा, त्यांवरून माणसे ये-जा करत होती याचा आणि त्या कोणत्या दिवशी गेल्या याचा पुरावा एकच होता. तो माझ्या खिशात होता. सुनावणीला सहा आठवडे उरले होते.

मी पडवीत बसलो तो काहीसा त्रासलेला. मी तिला स्पष्ट सांगितले की माझी प्रत आधीच झालेली आहे. फोनमधून छायाचित्रे आपोआप इंटरनेटवरच्या साठ्यात जातात, तशी व्यवस्था मी स्वतः चालू केली आहे, आणि ती 'चालू' असल्याचे फोन स्वतः सांगतो. तिने फक्त विचारले, रुजवात कोणी घेतली? तिने संगणकावर माझा तो साठा उघडला, वही पुढे ओढली आणि पेन्सिलीला टोक काढले. मी पहिल्यापासून वाचू लागलो. एकशे एक्याऐंशीपर्यंत सगळ्या निळ्या. एकशे ब्याऐंशी, पाखाडी, खालचा टप्पा, चिरा निखळलेला. निळी खूण. एकशे त्र्याऐंशी, पालखी, मधल्या टप्प्यावर. निळी. एकशे चौऱ्याऐंशी, पालखीच, मागे कुंदाताई. निळी. एकशे पंच्याऐंशी, पाखाडीवर खोदयंत्र... पेन्सिल हलली नाही.

"परत वाच."

मी परत वाचले. तिने चष्मा पुसला, म्हणाली, "परत वाच, दादा. सावकाश." मी तिसऱ्यांदा वाचले. तेव्हा तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझी प्रत पालखीपाशी संपली होती. त्यानंतरचे काहीही तिथे नव्हते. खोदयंत्र नव्हते, सपाट केलेले टप्पे नव्हते, पत्रे नव्हते. साठ्याची जागा शिमग्यातच भरली होती आणि तसे फोन मला गेले कित्येक महिने पिवळ्या पट्टीवर सांगत होता. ती पट्टी मला आठवत होती. मी ती जाहिरात समजलो होतो, जागा विकण्यासाठी माझ्या फोनवर अनधिकृतपणे चिकटवलेली. आणि तिच्याविरुद्ध मी कंपनीला पत्रही लिहिले होते. पन्नास पानांच्या अटी वाचणाऱ्या मी एका ओळीची सूचना वाचली नव्हती, कारण ती वाचण्यापूर्वीच मला राग आला होता. त्या सकाळी मी विजयाच्या भरात बटण दाबले असते तर... शरयूने एकशे पंच्याऐंशीसमोर लाल खूण केली, खाली तारीख घातली आणि वायर शोधायला उठली.

आम्ही दोन दिवस बसलो. तिने वायर लावून सगळे मूळ आकारात, मूळ तारखांसह संगणकावर उतरवले आणि मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. निळ्या खुणा झालेल्या एकशे चौऱ्याऐंशी पुन्हा कशाला, असे मी म्हणालो. ही नवी नक्कल आहे, तिने सांगितले. तीनशे बारा छायाचित्रे. मी क्रमांक, तारीख आणि तपशील वाचत होतो, ती 'हं' म्हणत होती. मधूनच विचारायची, या चिऱ्याला कोपरा आहे की तुटलाय? मी मोठा करून पाहायचो आणि सांगायचो. आमच्या लहानपणी आई आम्हा दोघांना समोरासमोर बसवून पाढे म्हणून घेत असे, त्यानंतर सत्तरीच्या आसपासची ही दोन माणसे प्रथमच तशी बसली होती. शेवटी वहीत मी नक्कल करणार म्हणून सही केली, तिने रुजवात घेणार म्हणून. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर कुंदाताईंच्या घरी, त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात गेली. त्यानंतर दोन आठवडे, त्याच बनावटीच्या दुसऱ्या फोनवाल्यांचा अनुभव कळेपर्यंत, माझा फोन तसाच पडून राहिला. मगच तिने परवानगी दिली.

आणि एवढे करून, चार्जिंग भरून, इन्व्हर्टर तपासून, अटी वाचून मी 'सहमत' दाबले, तर फोन अर्ध्यावर अडकला. पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले आणि तिथेच राहिले. एक तास, दोन तास. मी बाजूचे बटण दाबायला हात पुढे केला की ती माझ्या मनगटावर पेन्सिल ठेवायची. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शहरातल्या दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथल्या मुलीने फोन पाहिला आणि नम्रपणे सांगितले की प्रणाली नव्याने भरावी लागेल, आतले सगळे पुसले जाईल. मग तिने एक छापील कागद पुढे सरकवला. त्यात लिहिले होते की माहिती नष्ट झाल्यास संपूर्ण जबाबदारी ग्राहकाची राहील. माझ्या डोक्यात रक्त चढले. त्यांच्याच अपडेटने फोन मेला, आणि जबाबदारी माझी? मी ते कलम खोडायला पेन उघडले. समास कमी होता म्हणून पाठकोरी बाजू हरकतीसाठी वापरता येईल का, असेही विचारले. मागे रांग वाढत होती. मुलगी रडवेली झाली. तेव्हा शरयूने माझ्या दंडाला हात लावला.

"सही कर, दादा. पुसू देत त्यांना. रुजवात झालेली आहे."

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर धास्तीचा लवलेश नव्हता. आयुष्यभर मी कागदांशी भांडलो, प्रत्येक कलमाच्या आड कोणीतरी मला लुबाडायला बसले आहे या भावनेने वाचले. आणि ही बाई अशा एका अन्यायकारक कलमाखाली सही करायला सांगत होती, कारण ते कलम आमचे काहीही बिघडवू शकत नव्हते. हे तिने मिळवले होते. कोणत्याही न्यायालयाने ते तिला दिले नव्हते, कोणत्याही पत्राने मला ते मिळाले नव्हते. मी सही केली. हरकत न नोंदवता केलेली माझी ती पहिली सही, आणि तिचा मला आजही खेद नाही.

सुनावणीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी अपेक्षित आक्षेप घेतला. मूळ फोन पुसला गेला आहे, ही छायाचित्रे नंतर संगणकावरून भरलेली आहेत, मधल्या काळात यांत काय झाले कोणास ठाऊक. कायद्याने लागते ते प्रमाणपत्र मी जोडले होतेच, पण आक्षेप ऐकून खोलीत चुळबूळ झाली. शरयू साक्षीदार म्हणून उभी राहिली. तिने वही टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ती उघडली आणि बराच वेळ पाने उलटली. मग त्यांनी मधलाच एक क्रमांक विचारला, त्यात काय आहे? दोनशे सात. तिने वही न पाहता सांगितले की पत्र्याच्या कुंपणाखालून पायरीचा चिरा हातभर बाहेर आलेला दिसतो, चिऱ्याचा डावा कोपरा तुटलेला आहे आणि तोच तुटका कोपरा एकशे त्र्याऐंशीत पालखीच्या भोयाच्या पायाशी आहे. अधिकाऱ्यांनी दोन्ही छायाचित्रे शेजारी लावून पाहिली. त्यांनी वकिलांकडे वही सरकवली आणि विचारले, यातली कोणती खूण चुकीची आहे ते दाखवा. वकिलांनी वही चाळली, आणि बंद केली. वाट मोकळी करून पूर्ववत करून देण्याचा आदेश महिन्याभरात निघाला. मला त्या दिवशी माझ्या बहिणीचा इतका अभिमान वाटला की मला काही बोलता येईना, आणि बोलता येईना म्हणून मी ते तिला सांगितलेच नाही. परतीच्या एसटीत तीच म्हणाली, आता त्या कंपनीला पत्र लिही हवं तर, फोन का अडकला म्हणून. पण पिवळ्या पट्टीचं पत्र मागे घे आधी. मी दोन्ही केले.

माझ्या कपाटात मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत आहे. मंत्र्यांना, मंडळांना, कंपन्यांना, संपादकांना. तिला उद्देशून लिहिलेले एकही नाही. रोज फोन असताना पत्र कशाला, अशी माझी समजूत होती. हा मजकूर तेवढा तिच्यासाठी लिहिला गेला, आणि याची पोच मिळायची नाही.

तिला आम्ही पाखाडीवरूनच खाली नेले. नवे चिरे अजून लाल आहेत, जुन्यांसारखे काळे पडायला त्यांना काही वर्षे लागतील. पण पाय ठरत होता. खांदेकऱ्यांपैकी कोणीतरी म्हणाले, वळशाने नेली असती तर ताई वाटेतच उठून बसली असती. माणसे हसली. मीही हसलो असेन.

दिवसकार्य झाल्यावर घर आवरायला म्हणून मी वाडीत राहिलो. एका रविवारी सकाळी पडवीत आवाज झाला. बाहेर आलो तर पाखाडी चढून आलेली सात माणसे, प्रत्येकाच्या हातात फोन आणि वायर. नवे मोठे अपडेट येऊन दोन आठवडे झाले होते. कोणीही बटण दाबलेले नव्हते. मी म्हटले, ती आता नाही. कुंदाताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ताई नाय म्हणून काय आमी असंच दाबायचं काय, भाऊनू?" मी खणातून वही काढली. पेन्सिल वहीतच होती. तिची निळी बाजू बोटाच्या पेराएवढी उरली आहे, लाल बाजू जवळजवळ अखंड आहे. तिच्या बत्तीस आणि पुढच्या बारा वर्षांवर यापेक्षा अधिक काही लिहिण्याची गरज नव्हती, हे त्या दैनिकाला कळवायला हवे.

मी आजवर त्या टेबलाच्या अलीकडच्या, वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसलो होतो. त्या दिवशी पलीकडे जाऊन बसलो. पहिल्या कुंदाताई. त्यांनी नंबरांची यादी वाचायला घेतली आणि मी प्रतीवर बोट ठेवून मिळवत गेलो. नावे येत होती, निळ्या खुणा होत होत्या. मग त्या थबकल्या आणि वाचले, शरयूताई. प्रतीत ते नाव नव्हते. मी वर पाहिले, खाली पाहिले.

"परत वाचा," मी म्हणालो.

त्यांनी वाचले. मी पुन्हा शोधले आणि सांगितले की इथे नाही. तो नंबर गेल्या रुजवातीनंतर केव्हातरी नुसत्या सिमकार्डावर गेला होता, म्हणून तो बाकीच्या यादीबरोबर उतरला नव्हता. कुंदाताईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या की जाऊ दे भाऊनू, आता त्या नंबरावर कोण उचलणार हाय, गाळलात तरी चालंल.

माझा हात पेन्सिलीवर होता. मी विचारले, मुळात आहे ना? त्या म्हणाल्या, हाय. मग नकलेत आला पाहिजे, मी म्हटले, आणि त्या ओळीसमोर लाल खूण केली. आम्ही तो नंबर उतरवून घेतला, यादी नव्याने काढली, आणि पहिल्या नावापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. बाहेर सहाजण पायऱ्यांवर बसून होते. कोणीही घाई केली नाही. शेवटी कुंदाताईंनी सावकाश, एकेक अक्षर काढत नक्कल करणार म्हणून सही केली. मी वही माझ्याकडे वळवली. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, पानामागून पान, एकच सही होती. तिच्याखाली मी माझी केली.